गवतातलं पाखरू

अमेरिकेतल्या मिनेसोटात मी फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याची शिकार करते हे कळल्यापासून ओळखीच्या मराठी घरांतून दोन प्रश्न हमखास येतात. परवाना कसा काढलास, हा एक. आणि दुसरा, थोडं घुटमळत विचारलेला: तुला हे सुचलं तरी कुठून? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं लांब. एकदाच सगळं लिहून काढते, म्हणजे ज्यांना खरंच यायचं आहे त्यांना उपयोग होईल.

सुचलं ते शेजारणीमुळे. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, सत्तरीला टेकलेल्या, राज्याच्या पश्चिम भागात शेतावर वाढलेल्या. ऑक्टोबर लागला की शनिवारी पहाटे त्यांची पिकअप निघायची, मागे पिंजऱ्यात कुत्री. संध्याकाळी परतायच्या तेव्हा पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं आणि गवताचं बी चिकटलेलं असायचं. माझं लक्ष आधी त्या कुसळांकडे गेलं. मी उत्तर सोलापूर तालुक्यातली. नान्नजच्या माळढोक अभयारण्यापासून सायकलने जाता येईल एवढ्यावर आमचं गाव. शाळेतून आल्यावर ओट्यावर बसून कपड्यांतली कुसळं उपटायची, हे माझं लहानपण. इथे उपनगरात तर जिकडेतिकडे कातरलेली हिरवळ. एवढं गवत आहे तरी कुठे, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी चल. बंदुकीची गरज नाही. नुसती चाल."

मिनिआपोलिसहून पश्चिमेला अडीच-तीन तास गेलं की मॉन्टेव्हिडिओ, मायलन, ॲपलटन अशी छोटी गावं लागतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका आणि सोयाबीन, नजर पोचेल तिथवर. मग मिनेसोटा नदीच्या काठाने लाक की पार्ल हे राज्य सरकारचं वन्यजीव क्षेत्र सुरू होतं, तीस हजार एकरांहून मोठं. त्याला लागूनच चिपेवा प्रेअरी हा मूळचा गवताळ माळ, काही भाग राज्याचा आणि काही 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेचा. तिकीट नाही, फाटक नाही, चौकीदार नाही. खडीच्या रस्त्याकडेला तीन-चार गाड्या मावतील एवढी जागा आणि सीमेवर पाट्या. शिकारीला या, पक्षी बघायला या, नुसतं भटकायला या. अशी सार्वजनिक वन्यजीव क्षेत्रं मिनेसोटात १,४०० च्या वर आहेत, मिळून सुमारे १३ लाख एकर. ही योजना १९५१ साली सुरू झाली, तेव्हा हेतू होता पाणथळ जागा वाचवण्याचा. शेतकरी त्या झपाट्याने कोरड्या करून नांगराखाली आणत होते.

त्या दिवशी मी छातीइतक्या गवतातून शेजारीणबाईंच्या मागोमाग चालत राहिले. बिग ब्लूस्टेम हे तिथलं मुख्य गवत, शेंड्याला तीन फाटे, ऑक्टोबरात तांबूस-जांभळं होणारं. त्याच्याखाली लिटल ब्लूस्टेम, विटकरी रंगाचं. मधूनमधून वाळलेल्या फुलांची काळी बोंडं. गोऱ्या लोकांनी नांगर घालण्याआधी या राज्यात १ कोटी ८० लाख एकर प्रेअरी होती, आज तिचा जेमतेम एक-दीड टक्का उरलाय. हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच कळलं की अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मी ओळखीच्या रानात उभी आहे.

आता परवान्याचं. १९७९ नंतर जन्मलेल्या कुणालाही मिनेसोटात शिकारीचा परवाना घ्यायचा तर आधी बंदूक सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. प्रौढांना तो अभ्यासक्रम घरबसल्या ऑनलाइन करता येतो. मी तो केला, पण तेवढ्यावर बंदूक हातात घ्यायची माझी तयारी नव्हती. 'बिकमिंग ॲन आउटडोअर्स-वूमन' नावाचा एक कार्यक्रम आहे. १९९१ साली विस्कॉन्सिनात सुरू झाला, आता अनेक राज्यांत चालतो. बायकांनी बायकांबरोबर शिकायचं, कुणी घाई करत नाही. तिथे मी मातीच्या उडत्या चकत्यांवर नेम धरायला शिकले. नळीचं तोंड कायम कुठे असावं, कुंपण ओलांडताना काडतुसं आधी काढायची, तिघी ओळीत चालत असताना कुणी कुठल्या बाजूला झाडायची, चाप न ओढण्याचा निर्णय कधी घ्यायचा. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वेळ शिकवतात, आणि ते योग्यच आहे.

नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांना एरवी इथे बंदूक बाळगायला मनाई असते. वैध शिकारीचा परवाना असेल तर कायद्यात अपवाद आहे. मी ग्रीन कार्ड हाती आल्यावरच सुरुवात केली. तुमचा व्हिसा असेल तर आधी वकिलाला विचारा, मित्रांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. पहिल्या हंगामात मी शेजारीणबाईंचीच वीस बोअरची दुनळी वापरली. स्वतःची नंतर घेतली, दुकानात पार्श्वभूमीची तपासणी होऊन.

लहान शिकारीचा परवाना २२ डॉलर, त्यावर फेझंटचा स्टॅम्प, म्हणजे या पक्ष्यासाठीचा जादा शिक्का, साडेसात. हे मी घेतला तेव्हाचे दर. त्या साडेसात डॉलरकडे नीट बघा. १९८३ पासून हा स्टॅम्प आहे आणि त्याचा पैसा फेझंटच्या अधिवासावरच खर्च होतो. शिवाय १९३७ चा एक केंद्रीय कायदा आहे, पिटमन-रॉबर्टसन. त्याखाली शिकारीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर बसतो, तो राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी वाटला जातो आणि राज्यांना स्वतःचा वाटा घालावा लागतो. काडतुसांचा डबा घेताना त्यातले थोडे पैसे गवताला जातायत हे मला ठाऊक असतं, आणि ते मला आवडतं.

नियम थोडक्यात: मिनेसोटात फेझंटचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून १ जानेवारीपर्यंत. सकाळी ९ पासून सूर्यास्तापर्यंत. फक्त नर मारायचा, दिवसाला दोन, डिसेंबरपासून तीन. कमरेच्या वर भडक केशरी किंवा गुलाबी रंगाचं काहीतरी अंगावर हवं. केंद्र सरकारच्या पाणपक्षी क्षेत्रांत शिशाचे छर्रे चालत नाहीत. आम्ही सगळीकडेच पोलादी वापरतो, कारण शिसं मागे जमिनीत राहतं आणि ते खडे समजून पक्षी टिपतात.

माद्यांना हात न लावण्यामागे साधं गणित आहे. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे शरदात काही नर कमी झाले तरी पुढच्या उन्हाळ्यातल्या पिलांवर फरक पडत नाही. फरक पडतो तो घरटी कुठे होतात यावर. म्हणूनच कुणीही पक्षी उठताना पाहिला की मोठ्याने ओरडतो: नर असेल तर "रूस्टर!", मादी असेल तर "हेन!" उन्हाकडे तोंड असेल तर रंग दिसत नाही, अशा वेळी कुणीच चाप ओढत नाही.

माझा पहिला कोंबडा नोव्हेंबरातला. गवतावर दहिवर पडलेलं, वारा समोरून. डेझी ही शेजारीणबाईंची जर्मन शॉर्टहेअर जातीची कुत्री. ती आमच्यापुढे वीसेक पावलांवर डावी-उजवी करत चालली होती. पाणकणसाच्या कडेला आली आणि एका जागी गोठली. पुढचा एक पाय अधांतरी, मान ताणलेली. आम्ही दोन्ही बाजूंनी पुढे सरकलो, पण काही उडालं नाही. डेझीने जागा सोडली, पोट जमिनीला लावत दहा पावलं सरकली, पुन्हा थांबली. फेझंट आधी पळतो, उडणं त्याला शेवटच्या क्षणी सुचतं. पाच-सहा वेळा असं झालं आणि पाणकणीस संपून उघडी पट्टी आली. तिथे तो माझ्या पायापासून हातभर अंतरावर उठला, सरळ वर, पंखांचा दणका देत आणि ओरडत. मानेवरचं पांढरं कडं मला स्पष्ट दिसलं. "रूस्टर!" मी स्वतःच ओरडले, बंदूक खांद्याला आली, आणि तो पडला. डेझीने तोंडात धरून आणला तेव्हा तो गेलेला होता.

तो हातात घेतला. सव्वा किलोच्या आसपास वजन, पिसांच्या आत हात घातला तर ऊब. डोकं गडद हिरवं, उन्हात निळसर होणारं, डोळ्याभोवती लाल कातडी, छातीवरच्या प्रत्येक तांबड्या पिसाला काळी किनार. पायावरची नखी आखूड आणि बोथट, म्हणजे त्याच वर्षीचा. जुन्या कोंबड्याची नखी लांब आणि टोकदार असते, पण तसे कमीच भेटतात. फेझंटला आयुष्यच थोडकं, बहुतेक पाखरं दुसरा हिवाळा बघत नाहीत. मला आनंद झाला होता आणि आपण एक जीव घेतला हेही कळत होतं. दोन्ही अजून दर वेळी होतं. दुसरं ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी मी बंदूक खाली ठेवेन.

खरी शिकवणी झाली ती त्यानंतर, पिकअपच्या मागच्या फळीवर. पक्षी साफ करताना शेजारीणबाईंनी त्याच्या गळ्याखालची अन्नपिशवी चिरली आणि आतलं सगळं फळीवर पसरलं. मक्याचे पिवळे दाणे, बरेच. सोयाबीनचे दोन-तीन. बारीक काळं तणाचं बी. आणि थंडीने सुस्तावलेला, नुकताच गिळलेला एक टोळ, अख्खा. शाळेत शिकवल्याचा हात लगेच दिसला. त्यांनी चार ढीग वेगळे केले. "मका शेजारच्या शेतातला," म्हणाल्या, "पण मक्यावर पिल्लू वाढत नाही." जूनमध्ये अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात तेव्हा पहिले काही आठवडे ती जवळजवळ फक्त किड्यांवर जगतात. किडे येतात फुलांवर. आणि पिल्लाला त्या फुलांखालून पळता यायला हवं, म्हणजे वर आडोसा आणि खाली मोकळी जमीन. गवत नुसतं दाट असून भागत नाही. ब्रोम नावाचं चाऱ्याचं परदेशी गवत इथे पसरलंय, दुरून हिरवंगार दिसतं, पण तळाशी त्याची अशी गादी बसते की अंगठ्याएवढ्या पिल्लाला त्यातून वाटच सापडत नाही. फूल त्यात नाही, किडा नाही.

तिथपासून मी रान वेगळ्या नजरेनं बघायला लागले. कुठे पाखरू मिळेल हा प्रश्न विचारता विचारता इथे पाखरू का आहे आणि पलीकडच्या तुकड्यात का नाही, हा प्रश्न मागे लागतो. मला शिकारीत सर्वांत मोलाचं काय मिळालं असेल तर ही सवय.

घरी आणलेल्या पाखराचं काय करायचं हा वेगळा अध्याय. छातीचं मांस कोंबडीपेक्षा गडद आणि कोरडं, चरबी जवळजवळ नाहीच. तंगडीतल्या शिरा इतक्या कडक की शिजल्यावरही दाताखाली येतात, त्या आधी ओढून काढाव्या लागतात. छर्रे बोटांनी चाचपून काढायचे, नाहीतर दात जायचा. मी येसूर घालून पातळ रस्सा करते, मंद आचेवर दोन तास, आणि भाकरी. नवरा माळकरी घरातला, तो यातलं काही खात नाही. पण पुढे लिहिणार आहे त्या कामात तो माझ्याइतकाच रमलाय.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, पाखरू मारून काय मिळवलंस?" फोन अण्णांनी घेतला. त्यांना पाखराचं विशेष वाटलं नाही, गवताचं वाटलं. "तिथं सरकारनं जमीन ठेवलीय? नुसत्या गवताला?" हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं.

फेब्रुवारीत शेजारीणबाईंनी विचारलं, झाडं तोडायला येतेस का? मी गप्पच झाले. 'झाडे लावा, झाडे जगवा' हे शाळेच्या भिंतीवर वाचत मी मोठी झाले. रानाच्या भल्यासाठी झाड तोडायचं, हे मनाला पटायला वेळ लागला. पण गेले. पारा शून्याच्या खूप खाली, बर्फ घोट्यापर्यंत, आणि पंधरा-वीस माणसं: शेतकरी, नर्सा, कॉलेजची मुलं. बरेचसे 'फेझंट्स फॉरेव्हर'च्या स्थानिक शाखेचे. ही संस्था १९८२ साली इथेच, सेंट पॉलमध्ये सुरू झाली. शाखेने गोळा केलेला पैसा कुठल्या कामाला लावायचा ते शाखाच ठरवते. यांत्रिक करवत फक्त प्रशिक्षण घेतलेल्यांच्या हातात. आम्ही बाकीचे हातकरवतीने लहान झाडं कापायची आणि फांद्या ओढून ढीग लावायचे.

तोडायची होती ती दोन जातींची झाडं. त्यातलं रेड सीडर म्हणजे काळपट हिरवं, सुया असलेलं झाड. पूर्वी दर काही वर्षांनी लागणाऱ्या आगीत त्याची रोपं मरून जायची. आग थांबली तशी ती माळभर पसरली. सर्वांत खालच्या हिरव्या फांदीच्या खाली कापलं की ते पुन्हा फुटत नाही. सायबेरियन एल्म मात्र बुंध्यातून फुटतं, म्हणून कापल्या कापल्या त्यावर औषध लावायचं. औषधात निळा रंग मिसळलेला असतो, कुठला बुंधा राहिला ते कळावं म्हणून. दुपारपर्यंत पांढऱ्या बर्फात निळ्या ठिपक्यांची रांग लागली होती. एका मोठ्या एल्मखाली पिसांचा पसारा पडला होता, त्यात फेझंट मादीची तपकिरी पिसं बरीच. शिंगळं घुबड आणि ससाणे अशा झाडांवर बसून अख्ख्या माळावर नजर ठेवतात. बुंध्याच्या ढोलीत रॅकून राहतात, ते अंडी खातात. उघड्या माळावर एकटं झाड उभं राहिलं की गवतात घरटी करणारी पाखरं त्याच्या आसपास फिरकत नाहीत.

मला नान्नज आठवलं. माझ्या लहानपणी अण्णांनी सायकलच्या दांडीवर बसवून मला माळढोक दाखवला होता, उंच मानेचा, कुसळीत चालणारा. माळढोकाला मोकळं रान लागतं. आपल्याकडे माळ म्हणजे पडीक, आणि पडीक म्हणजे झाडं लावायची जागा, असं धरून कितीतरी माळरानांवर गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली. हेतू चांगलाच होता. पण गवताळ रान हे अपुरं राहिलेलं जंगल नव्हे, हे आपल्या सरकारी कागदांतही फार उशिरा शिरलं. आता नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. मी इथे करवत चालवते तेव्हा हा विचार डोक्यात असतो, त्यामुळे मला ते काम जड जात नाही.

मार्चच्या सुरुवातीला पेरणी. हा नवऱ्याचा आवडता दिवस. राज्याने शेजारचं एक शेत विकत घेऊन त्या क्षेत्रात सामील केलं होतं. तण मोडावं म्हणून त्यावर आधी सोयाबीन घेतलं आणि मग त्याच्या धसकटांवर, बर्फ असतानाच, हाताने बी फेकायचं. जांभळं प्रेअरी क्लोव्हर, लेडप्लांट, ब्लेझिंग स्टार, कोनफ्लॉवर, आणि ब्लूस्टेम. काही बी तर आदल्या शरदात स्वयंसेवकांनीच जुन्या प्रेअरीवरून खुडलेलं. बारीक बी ओल्या वाळूत मिसळायचं म्हणजे सारखं पडतं. बर्फावर पडलेलं काळं बी उन्हाने तापून आत बुडतं, पुढे दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं यात माती उघडमीट होते आणि बी आपोआप आत ओढलं जातं. यातल्या कितीतरी बियांना थंडी लागल्याशिवाय कोंबच फुटत नाही. पहिल्या उन्हाळ्यात तिथे गेलात तर नुसतं तण दिसेल. तिसऱ्या वर्षी फुलं येतात. वाट बघायची तयारी हवी.

आगीचं काम मात्र प्रशिक्षित माणसांचं. मी ते खडीच्या रस्त्यावरून बघितलं, परवानगी घेऊन. एप्रिलचा शेवट. पथकाच्या प्रमुखाने आधी वारा आणि हवेतली आर्द्रता मोजली, सगळ्यांना नकाशा दाखवला, धूर कुणाच्या घराकडे जाणार नाही ना ते बघितलं, आणि मग एक छोटा तुकडा पेटवून पाहिला. वारा जिकडे वाहत होता त्या टोकाला आधी वाऱ्याविरुद्ध आग लावली. ती गुडघ्याएवढी, हळूहळू मागे सरकत काळा पट्टा तयार करत गेली. पाण्याची टाकी घेतलेली छोटी गाडी तिच्या कडेकडेने. तो पट्टा पुरेसा रुंद झाल्यावरच दुसऱ्या टोकाकडून वाऱ्याबरोबर आग सोडली. ती दोन पुरुष उंच उसळली, धावत आली, काळ्या पट्ट्याला भिडली आणि जागच्या जागी विझली. एवढ्या दुरून तोंडाला झळ लागली. दहा-बारा दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा काळ्या जमिनीतून हिरवी टोकं वर आलेली. वसंतात उशिरा जाळलं की लवकर फुटणारं ब्रोम होरपळतं आणि उन्हाळ्यात वाढणाऱ्या देशी गवताला जागा मिळते. इथले मूळ रहिवासी डाकोटा लोक हे रान पिढ्यानपिढ्या जाळत आले होते. आग थांबली ती त्यांना इथून हुसकावल्यावर.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर वाचून कुणी काडी ओढेल. एका वेळी क्षेत्राचा थोडाच भाग जाळतात, उरलेल्यात घरटी होतात, आणि तोच तुकडा पुन्हा पेटवायला काही वर्षं जातात. सह्याद्रीत दर उन्हाळ्यात अख्खा डोंगर पेटवतात त्याचं आणि याचं काही नातं नाही. त्या वणव्यात किडामुंगीसकट सगळं जातं आणि पावसाळ्यात माती वाहून जाते.

अण्णा दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आले. त्यांना केशरी जाकीट घालून मी चिपेवा प्रेअरीवर नेलं. बंदूक गाडीतच ठेवली, ते बरोबर असताना मला नेम धरायचा नव्हता. काठी टेकत टेकत ते आत शिरले आणि ब्लूस्टेमची एक काडी उपटून पेरं मोजत बसले. मग म्हणाले, "ही आपल्या मारवेलीची बहीणच म्हणायची." खरंच ती दोन्ही एकाच कुळीची गवतं. पुढचे प्रश्न शेतकऱ्याचे. "ह्याचा लिलाव कोण घेतं? कापून कोण नेतं?" मी सांगितलं, काही तुकडे शेजारच्या शेतकऱ्याला कापायला देतात, पण घरट्यांचा हंगाम उलटल्यावर. "ढोरं सोडत नाहीत?" सोडतात. याच प्रेअरीवर जाळणं आणि चराई जोडीने करून पाहिलीय. जाळलेल्या तुकड्यात कोवळं फुटतं, गुरं तिथेच चरत राहतात, न जाळलेल्या उंच गवताला तोंड लावत नाहीत, तिथे पाखरं बसतात. पुढच्या वेळी दुसरा तुकडा जाळायचा, गुरं आपोआप तिकडे जातात. मधे कुंपण नको. अण्णांनी हे दोनदा विचारून समजून घेतलं. "ह्यात अक्कल आहे," म्हणाले. मग बराच वेळ गावच्या गायरानाबद्दल बोलत राहिले: कुठे तित्तर निघायचे, कुठे लाव्यांचे थवे, आणि आता तिथे सौर पॅनेल कसे उभे आहेत.

तेवढ्यात पायाखालून एक मादी उठली, तपकिरी, ओरडलीबिरडली नाही. मी सवयीने "हेन!" म्हणाले. अण्णा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले आणि मग ती जिथून उठली तिथलं गवत काठीने बाजूला सारून पाहिलं.

फेझंट हा इथला पक्षी नाही. चीनमधून आणलेला, १८८० च्या दशकात ओरेगनमध्ये पहिल्यांदा रुजला, मिनेसोटात त्याची पहिली शिकार १९२४ ची. मग त्याच्यासाठी एवढा खटाटोप का, असं पर्यावरणवाले मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण जे गवत त्याच्यासाठी म्हणून राखलं जातं त्यात बोबोलिंक आणि मेडोलार्क ही इथली मूळची पाखरंही घरटी करतात, आणि त्यांच्यासाठी स्टॅम्प कुणी विकत घेत नाही. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले गवताळ रानातले पक्षी निम्म्याहून कमी झालेत. खासगी शेतांवरचं गवत भरवशाचं नाही. १९८५ पासून केंद्र सरकार शेतकऱ्यांना पैसे देऊन जमीन गवताखाली ठेवतं, पण ते करार दहा-पंधरा वर्षांचे. २००७ नंतर मक्याला भाव आला तेव्हा करार संपले तसे लाखो एकर पुन्हा नांगरले गेले. सार्वजनिक जमीन मात्र नांगरली जात नाही. म्हणून २००८ साली मिनेसोटाच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून स्वतःवर विक्रीकर वाढवून घेतला, एका टक्क्याचे तीन अष्टमांश, २०३४ पर्यंत. त्याचा एक तृतीयांश भाग अधिवासासाठी. शिकार न करणाऱ्यांनीही त्याला मत दिलं. आम्ही बी फेकलं ती जमीन अशाच पैशातून आलेली.

माझं मत असं आहे की शिकारी म्हणून माझा या रानावर जास्त हक्क नाही, पण काम जास्त आहे. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती तशीच असावी, आपल्याकडे उरलंय ते फार थोडं. गवतासाठी जमीन राखायला मात्र बंदूक लागत नाही. अण्णांनी परत गेल्यावर ग्रामसभेत उरलेल्या गायरानाचा विषय काढला. अजून काही ठरलेलं नाही, ते पुन्हा काढणार आहेत.

यंदा फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी पुन्हा कटाई आहे, नदीकडच्या उतारावरचे सीडर काढायचेत. आमच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. शिकार करत नसाल तरी चालेल, मांस खात नसाल तरी चालेल. जाड हातमोजे, पाणी जाणार नाहीत असे बूट आणि दुपारचा डबा बरोबर घ्या; करवती आम्ही देऊ. निघायचं पहाटे साडेपाचला.